ज्या रंगाला मासा लागत नाही

कवडूभाऊंच्या गळाला मासा लागला की त्यांचं तोंड उतरायचं. मी लग्न होऊन नागपूरहून भिलाईला आले, तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधला हा माणूस मला पहिल्यांदा दिसला तो असाच. एका हातात भला मोठा रोहू, दुसऱ्या हातात काठी आणि चेहरा सुतक पडल्यासारखा. मासा त्यांनी आमच्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "घ्या वयनी. आज काही जमलं नाही." मला वाटलं, नव्या नवरीची थट्टा चालली आहे. पण पुढच्या आठवड्यात ते रिकाम्या हाताने परतले आणि शीळ घालत अंगण झाडायला लागले.

कवडूभाऊ भंडाऱ्याकडचे, शेतकरी घरातले. तिकडे गावोगावी तलाव, त्यामुळे गळ टाकणं लहानपणापासून हातात बसलेलं. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. आईने जाताना धाकट्या श्रावणचा हात त्यांच्या हातात दिला होता, आणि तो हात धरूनच ते त्याला कारखान्याच्या बांधकामावर घेऊन आले. स्वतः लोखंडी सांगाड्यांना रंग द्यायचे. श्रावण खलाशी झाला, म्हणजे क्रेनच्या हुकाला माल बांधणारा. दिवसभर हुकाखाली उभं राहायचं, हेच त्याचं काम. "मीच आनलं त्याले इथं," कवडूभाऊ म्हणायचे. "गावात रायला असता तं डोक्यावर आभाळ असतं. हूक नसता."

आमच्या दोन्ही घरांत कपडे वाळवायची तार एकच. त्या तारेवर माझ्या साड्यांच्या शेजारी त्यांचे गळ लटकत असायचे. शेंदरी, पिवळे, हिरवे, चंदेरी. कामावरचे ब्रश धुताना जो रंग निघे, त्यात बुडवलेले. एके दिवशी त्यातल्या एका पिवळ्याने माझ्या माहेरच्या साडीचा पदर धरला आणि सोडवता सोडवता तो टरकन फाटला. मी तणतणत क्वार्टरांमागच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेले. कवडूभाऊ तिथे उकिडवे बसून गळ बदलत होते. जागा तीच, कणकेची गोळी तीच, फक्त रंग दुसरा.

"भाऊ, कोणत्या रंगाला जास्त मासे लागतात ते एकदाचं ठरवा आणि माझ्या साड्यांना मोकळं करा," मी म्हणाले.

"जास्त कोनाले पायजेत, वयनी? मी तं कमी पाहून राहिलो."

मला काहीच कळलं नाही. त्यांनी काठी बाजूला ठेवली. "मांगं एका पोट्ट्याच्या खांद्यात हूक बसला ना? श्रावणच्या बाजूलेच उभा होता. धुळीत दिसलाच नाही त्याले. तवा साहेब मले म्हने, कवडू, हूक पे कोई भी भडक रंग मार दो, दिखना चाहिए. आता कोई भी म्हनजे कोनता? लाल देला अन् नाही दिसला तं? रंग माह्या हातचा, अन् डोस्कं माह्या भावाचं."

"मग तिथल्या माणसांनाच विचारा की."

"मानसं मन राखासाठी हो म्हनतेत. मासोई कोनाचं मन राखत नाही. गढूळ पान्यात गळ दिसला तं ते सरकते, नाही दिसला तं अडकते. ज्या रंगाले मासोई लागत नाही, तोच रंग हुकाचा."

मला हसू आलं. गढूळ पाण्यात मासा रंग कुठला बघतोय, तो येतो कणकेच्या वासाने, असं माझे वडील सांगायचे. ते माझ्या तोंडून निघून गेलं. कवडूभाऊंचा हात जागीच थांबला. "असं म्हन्ता?" त्यांनी विचारलं, आणि त्या आवाजातली भीती ऐकून मी घाईघाईने म्हणाले, "छे, तसं कुणाला नक्की ठाऊक असतं?" फाटलेल्या पदराचा विषय मी काढलाच नाही.

त्यांना हसण्याचा मला काय अधिकार होता म्हणा. आमचे हेसुद्धा त्याच बांधकामावर होते. अपघाताचा भोंगा अवेळी वाजला की आमच्या ओळीतल्या सगळ्या बायका दारात येऊन उभ्या राहत. कुणाच्या हाताला कणीक, कुणाच्या कडेवर पोर. कुणी देवाला नारळ बोललेली असे, कुणी सोमवार धरलेले. कवडूभाऊंनी गळ रंगवले, एवढाच काय तो फरक.

"दिसलं तं सरकता येते," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. अंगणात विंचू निघाला तरी तेच, आणि मी रागावलेली दिसले तरी तेच. मला दिवस गेले तेव्हा कुणी न सांगता त्यांनी आमच्या पायरीच्या कडेला पांढरा पट्टा ओढला. "वयनी, आता पोट पुढं आलं का पायरी दिसत नाही," म्हणाले. एवढी काळजी माझ्या सख्ख्या दिराने घेतली नसती.

शेवटी पांढरा ठरला. पांढऱ्या गळाला सबंध उन्हाळ्यात एक बोटभर मासोळी लागली, तीही कवडूभाऊंच्या मते आंधळी असावी. त्यांनी क्रेनचा हूक घासून त्याला पांढरा रंग दिला, आणि त्याच संध्याकाळपासून श्रावणची उलटतपासणी सुरू झाली. तो सायकल भिंतीला टेकवतो न टेकवतो तोच प्रश्न यायचा, "आज हूक कसा दिसला?"

"पांढरा दिसला, दादा."

"ते मले बी मालूम हाय. धुळीत कसा दिसला? उन्हात कसा दिसला? वरून खाली येताना कसा दिसला?"

श्रावण वैतागायचा. हिंदीत पुटपुटायचा, "रोज का वही नाटक." पण उत्तर दिल्याशिवाय ताट समोर येत नसे. एकदा त्याने थाप मारली, तर कवडूभाऊंनी तीन उलटे प्रश्न विचारून ती पकडली आणि मुकाट्याने चूल विझवली. तेव्हापासून तो खरं सांगू लागला. पातळ भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. दुपारी ढग आले तेव्हा राखाडी वाटला, खालून चांगला दिसला, बाजूने तेवढा नाही.

मग तो दिवस आला. दुपार कलली होती आणि अवेळी भोंगा वाजला. आम्ही दारात आलो. कवडूभाऊंची ड्यूटी सकाळचीच होती, ते तलावावर गेले होते. थोड्या वेळाने आमचे हे आले, धुळीने माखलेले पण धड. म्हणाले, "श्रावणच्याच बाजूला काहीतरी झालंय." पुढचं त्यांना माहीत नव्हतं. मी पोट सांभाळत पाळीवर गेले. कवडूभाऊंनी भोंगा ऐकला होताच. कारखान्याकडे पाठ करून ते पाण्याकडे बघत बसले होते. काठी हातात होती, पण दोरी पाण्यात सोडलेलीच नव्हती. मी शेजारी उभी राहिले. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

श्रावणची सायकल दिसली तेव्हा ते काठी टाकून उठले. श्रावण जवळ आला. कोपर सोललं होतं, बाकी काही नव्हतं. मालाची साखळी तुटून हूक झोका खात आला होता आणि हा ऐन वेळी बाजूला झाला होता. कवडूभाऊंनी त्याचं डोकं, खांदे, हात चाचपून पाहिले. मग म्हणाले, "पांढरा दिसला ना?"

"नाही दादा. सूर्य समोर होता. पांढरा नाही, काळाच दिसला."

"मंग सरकला कसा तू?"

"तू संध्याकाळी विचारशील ना, म्हनून वर पाहून राहिलो होतो."

मला रडू आलं. कवडूभाऊ मात्र कपाळाला हात लावून मटकन खाली बसले. "म्हनजे पांढरा चालत नाही," ते म्हणाले. श्रावण काय बोलला ते त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नसावं. दुसऱ्या दिवशी तारेवर माझ्या साडीशेजारी नवे गळ वाळत होते. निळे, आणि अर्धे पिवळे अर्धे काळे.

माझा मुलगा चालायला लागला तोवर हूक पिवळा झाला होता. त्याच पावसाळ्यात कवडूभाऊ काविळीने गेले. शेवटच्या दिवसांतही श्रावण ड्यूटीवरून आला की डोळे न उघडता विचारायचे. श्रावण त्यांच्या कानाशी वाकून सांगायचा, आज पिवळा कसा दिसला ते.

त्यांचं दिवसकार्य झाल्यावर श्रावण पुन्हा कामावर गेला. संध्याकाळी मी तारेवरचे कपडे काढत होते. त्याने सायकल भिंतीला टेकवली, कुलूप उघडलं आणि दारातच थांबला. घर गप्प होतं. तो तसाच उभा राहिला, आत जाईना. आता संध्याकाळी विचारणारं कुणी नव्हतं. उद्या हा वर बघेल का?

"श्रावणभाऊ," मी तारेपलीकडून विचारलं, "आज हूक कसा दिसला?"

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं.

"पिवळा दिसला, वयनी."

"ते मलाही माहीत आहे," मी म्हणाले. "धुळीत कसा दिसला?"