सुके बोंबील कोणत्या डब्यात?

मराठी शिकवायला लागलं की किस्से भाषेचे जमतील, असं वाटणं साहजिक आहे. माझ्याकडे जमले ते सगळे कचऱ्याचे. एक सांगायला घेतला की त्याला चिकटून दुसरा निघतो आणि तोवर समोरच्याचा चहा गार होतो. म्हणून म्हटलं, एकदाचे लिहूनच टाकावेत.

मी सिंगापूरला बुकित बातोकमध्ये राहते. आठवडाभर जुरोंग ईस्टच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करते आणि शनिवारी दुपारी इथल्या मराठी मुलांना मराठी शिकवते. मुलं मला मावशी म्हणतात. वर्गाला जागा काही केल्या मिळत नव्हती. शेवटी घराजवळच्या एका प्राथमिक शाळेनं तळमजल्यावरची खोली देऊ केली. भाडं नाही, फक्त अट. खोलीबाहेर तीन डबे होते. हिरव्यात उरलंसुरलं अन्न. निळ्यात कागद, प्लॅस्टिक, बाटल्या, आणि त्याही धुऊन, कोरड्या करून. काळ्यात बाकीचं सगळं. डब्यांची सरमिसळ झाली, की खोली बंद.

ही अट सांगायला आल्या मिस चुआ. शाळेतल्या शिक्षिका. कचऱ्याचं सगळं खातं त्यांच्याकडे. बुटक्या, शांत, आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटायची.

* * *

वर्गातल्या ईराचे बाबा परांजपे. मूळचे पुण्याचे. मुलीनं मराठी शिकावं म्हणून दर शनिवारी बेडोकहून, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाहून, इथल्या मेट्रोनं, एमआरटीनं, यायचे. माणूस सरळ, पण कोणी नियम सांगितला की तो कुठे लिहिलाय हे पाहिल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही.

पुढच्याच शनिवारी ते मोबाइलवर अख्खा कायदा वाचून आले. मिस चुआ व्हरांड्यात दिसताच त्यांना गाठून अगदी नम्रपणे म्हणाले, की उरलेलं अन्न वेगळं काढण्याची सक्ती मोठ्या हॉटेलांना आणि मॉलना आहे. शाळेतल्या एका खोलीला ती लागू होत नाही. कलमासकट सांगितलं.

मिस चुआंनी सगळं ऐकून घेतलं. एकदा मोबाइलही हातात घेऊन पाहिला.

"बरोबर आहे, मिस्टर परांजपे," त्या म्हणाल्या. "हॉटेलांना कायदा आहे. शाळेला मी आहे."

परांजप्यांनी मोबाइल खिशात टाकला. त्यानंतर केळ्याचं साल कुठे टाकायचं हेसुद्धा ते आधी विचारायचे.

* * *

मी ठरवलं, या डब्यांवरूनच मराठी शिकवावं. फळ्यावर दोन शब्द लिहिले, ओला कचरा आणि सुका कचरा. म्हटलं, ओला हिरव्यात, सुका निळ्यात, इतकं सोपं आहे.

ईरानं हात वर केला. "मावशी, ओल्या नारळाची करवंटी ओली की सुकी?"

मी म्हटलं, वाळली की सुकी. मग ती म्हणाली, पाण्याची बाटली रिकामी झाली पण आत थेंब आहेत, मग ती ओली का? मी म्हटलं, पुसली की सुकी. माझ्या मते विषय तिथे संपला होता.

वर्षअखेरीला आम्ही वर्गातच सगळ्यांनी आपापला डबा आणून जेवायचं ठरवलं. सावंतांच्या घरून सुके बोंबील तळून आले होते. सावंत मालवणचे, मालवाहू जहाजावर इंजिनियर. त्यांचा शंतनू वर्गात सगळ्यात धाकटा आणि सगळ्यात आज्ञाधारक. जेवणं झाल्यावर ताटं गोळा करायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं. मला फार कौतुक वाटलं.

सोमवारी सकाळी मिस चुआंचा फोन आला. निळ्या डब्याभोवती मांजरं जमली होती. आत सगळ्या वर्गाचे रद्दी कागद आणि त्यावर बोंबलांची डोकी आणि काटे. सगळी रद्दी फेकून द्यावी लागली होती. त्या म्हणाल्या, यापुढे एकदाही असं झालं तर खोली मिळणार नाही, आणि एखाद्या शनिवारी मी स्वतः बघायला येईन.

पुढच्या शनिवारी शंतनूला जवळ बसवून विचारलं, बाळा, मासे निळ्या डब्यात का टाकलेस?

त्याला माझाच प्रश्न कळेना. "मावशी, सुके बोंबील," तो म्हणाला. "यू सेड सुका ब्लू."

मी फळा पुसला.

* * *

खोली जाणं परवडण्यासारखं नव्हतं. माझ्याआधी इथे जो मराठी वर्ग चालायचा, त्याचं दुसरी जागा शोधण्यात काय झालं ते मला माहीत होतं. तो मोडला होता. म्हणून मुलांवर जरा वजन पडावं यासाठी सावंतांनाच बोलवलं. ते तेव्हा जहाजावरून सुट्टीवर आले होते.

सावंतांनी फार सुंदर सांगितलं. समुद्रात प्लॅस्टिकचा कपटाही टाकायचा नाही, मग तुम्ही कॅप्टन असा नाहीतर खलाशी. खरकटंसुद्धा किनाऱ्यापासून खूप लांब गेल्यावरच, तेही बारीक दळून. प्रत्येक गोष्टीला वेगळा ड्रम. बंदरात तपासणीला माणसं चढली की आधी ते ड्रम उघडून बघतात. मुलं डोळे मोठे करून ऐकत होती. मला वाटलं, काम झालं.

शेवटी विचारलं, कोणाला काही शंका? शंतनूनं हात वर केला.

"पण घरी बाबा एव्हरीथिंग चूटमध्ये टाकतात."

इथल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातच भिंतीत कचरा टाकायचं दार असतं, तेच चूट. टाकलं की थेट खाली. सावंतांनी पाण्याचा एक घोट घेतला.

"घरी मी सुट्टीवर असतो," ते म्हणाले आणि खाली बसले.

* * *

त्याच सुमारास परांजप्यांच्या आई पुण्याहून आल्या. नातीबरोबर त्या वर्गालाही यायच्या आणि मागच्या बाकावर बसून वाती वळायच्या. एका शनिवारी कोणाच्या तरी वाढदिवसाचं आइस्क्रीम होतं, मोठमोठे प्लॅस्टिकचे डबे भरून. संपल्यावर ते कोणी धुवायचे यावर मुलांची चर्चा चालू होती, तोवर आजींनी ते नळाखाली लख्ख धुतले, पदराला पुसले आणि पिशवीत घातले. निळा डबा रिकामाच राहिला.

मिस चुआ तेवढ्यात तिथून चालल्या होत्या. त्यांनी थांबून रिकाम्या डब्यात पाहिलं, मग आजींच्या पिशवीत. त्यांना ते मनापासून आवडलं. पुन्हा वापरणं हे सगळ्यात उत्तम, असं म्हणाल्या आणि या बाई या डब्यांचं काय करतात, हे ईराला विचारायला सांगितलं.

आजी म्हणाल्या, "एकात साबुदाणा, एकात दाण्याचं कूट. आणि उरलेले पुण्याला नेणार. तिथे सगळ्यांनी सांगून ठेवलेत."

ईरानं क्षणभर विचार केला.

"शी से एक्सपोर्ट," ती म्हणाली.

* * *

मग तो शनिवार आला. मिस चुआ वर्ग सुरू असताना आत आल्या आणि मागे उभ्या राहिल्या. परांजपे आणि सावंत दाराशी उभे होते, त्यांनी हात मागे बांधले. डबे सकाळपासून मी स्वतः तपासले होते.

मिस चुआंनी एकेक झाकण उघडलं. सगळं जागच्या जागी होतं. सुटकेच्या भरात सावंतांनी त्यांना चिवड्याचं छोटं पाकीट पुढे केलं. त्यांनी उभ्याउभ्या खाल्लं, आवडलं म्हणाल्या आणि पाकीट निळ्या डब्यात टाकलं.

पाकीट आतून तेलकट, पिवळं.

"मिस चुआ, कॅनॉट लाह," शंतनू इथल्या इंग्रजीत म्हणाला. "डर्टी."

मिस चुआंनी पाकीट बाहेर काढलं. नळाखाली धुतलं, टिश्यूनं पुसलं, परत निळ्यात टाकलं. मग हातातला पिवळा झालेला टिश्यू वर धरून मुलांना विचारलं, "आणि हा?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं, का त्या मुलांची परीक्षा घेत होत्या, ते मला आजही सांगता येणार नाही. मुलांनी डोकी एकत्र केली.

पहिल्या दिवसापासून मी या मुलांना सांगत आले होते, की वर्गात एकमेकांशी फक्त मराठीत बोलायचं. कधीही, कोणीही बोललं नव्हतं.

"काळ्यात," शंतनू कुजबुजला. "सांगू का?"

"थांब," ईरा म्हणाली. "मोठ्या माणसांना सारखं सारखं चुकलात म्हटलं की ती रागावतात. मग आपला वर्ग काढून घेतील."

"मग तिला चुकू द्यायचं?"

"चुकू दे. ती गेल्यावर आपण हळूच काढू आणि बरोबर डब्यात टाकू. मावशीला पण सांगायचं नाही."

परांजपे माझ्याकडे बघत होते. मी खिडकीबाहेर बघितलं.

मिस चुआंनी टिश्यू काळ्या डब्यात टाकला आणि पुढच्या शनिवारी किल्ली नेहमीच्या जागी असेल, असं मला सांगितलं. दारापर्यंत जाऊन थांबल्या.

"मुलं काय म्हणत होती?"

"काळा डबा, असं म्हणत होती," मी म्हटलं.

"एवढं सगळं?"

"मराठी," मी म्हटलं, "जरा लांबलचक भाषा आहे."