नानांच्या नावेतली बॅटरी

धुळ्याच्या देवपुरात माझं ट्रॅक्टरच्या वायरिंगचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. शिरपूरकडचे एक नाना तापीवर नाव चालवायचे. वल्ही सोडून त्यांनी डिझेलचं इंजिन बसवलं होतं, आता दिवा आणि भोंगा हवा होता. नावेचं काम मी जन्मात केलं नव्हतं, पण ‘येत नाही’ म्हणायची आमच्याकडे पद्धत नव्हती. ट्रॅक्टर पाण्यात घातला की झाली नाव, असं म्हणून मी स्वतःच हसलो. दीडशहाणा!

नानांचं घर नावेवर चालायचं आणि नाव नानांच्या नजरेवर. पाण्याचा रंग बघून खाली खडक कुठे आहे ते ते सांगायचे. नाव हाकणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

बॅटरी मी पत्र्याच्या ट्रंकेत बसवली. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. ट्रॅक्टरवर ती उघडी असते, वारा तो उडवून नेतो. एवढं ठाऊक होतं म्हणून ट्रंकेला भोकं पाडली. नानांना ती पटेनात, पाणी आत जाईल ही त्यांना भीती.

“पानी मझार जास, भाऊ. बुजी टाक. आन कुलूप लाव, नहीतं चोर लई जाई.”

गिऱ्हाइकाशी हुज्जत कशाला, म्हणून मी भोकं डांबराने बुजवली. शिवाय नव्या बॅटरीत ॲसिड भरताना धडाही दिला, “ॲसिडात पाणी कधी टाकायचं नाही, नाना. उसळतं.” नानांनी मान हलवली.

दोन महिने दिवा झकास लागला. मग इंजिनच्या हादऱ्यांनी बॅटरीवरची तारेची पकड सैल झाली. एका सकाळी उतारू घेऊन जाताना भर नदीत, इंजिन चालू असतानाच, नानांनी झाकण उघडून ती तार हलवली. ठिणगी पडली. कोंडलेला वायू भडकला, बॅटरी फुटली आणि ॲसिड त्यांच्या डोळ्यांत गेलं.

धुळ्याच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा पट्ट्या बांधलेल्या होत्या. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेलं. दोन्ही डोळे गेले होते. “लगेच भरपूर पाण्याने धुतले असते तर एखादा वाचला असता. नदीतच होते ना हे?”

भोकांचं मी डॉक्टरांना सांगितलं नाही. उलट मला नानांचाच राग आला. चहूकडे तापी आणि माणसाने ओंजळभर पाणी डोळ्यांवर मारू नये? खाटेजवळ जाऊन मी तसं विचारलंही.

नाना आवाजाकडे वळले. “लोके तं पानी टाकी ऱ्हायंतात. मीच त्यासना हात धरी ठेवात. तूच सांगेल व्हतं ना भाऊ, ॲसिडमा पानी टाकानं नही.” मग म्हणाले, “बराबर करं ना मी?”

मी हो म्हणालो.