चिठ्ठीत नसलेलं नाव

'खान्देशचा धडाडता आवाज' ही पदवी तुला कोणी दिली, असं विचारलं की समाधान खरं सांगून टाकायचा, "बॅनरवाल्याने. नाव छापून जागा उरली होती." धुळ्याच्या गॅरेजात पंक्चर काढता काढता त्याने 'स्कूटी तुनी, पेट्रोल मनं', म्हणजे स्कूटी तुझी, पेट्रोल माझं, हे अहिराणी गाणं लिहिलं, स्वतःच गायलं, आणि फैजपूरच्या केळीच्या बागेत भर मे महिन्यात चामड्याचं जाकीट घालून त्याचा व्हिडिओ काढला. त्यात तो उकाड्याने कासावीस झालाय, पण लोकांना वाटलं प्रेमाने. गाणं तुफान चाललं. पुढच्या लग्नसराईत त्याच्याशिवाय एकही डीजे सुरू होईना, आणि समाधान स्वतःला कलावंत समजू लागला. काळा चष्मा तो मांडवातही काढेना. त्या चष्म्यापायी एकदा नवरदेव समजून त्याच्या चुलत्यालाच मिठी मारून आला.

त्याची खरी मागणी सुरासाठी नव्हती, नावांसाठी होती. हळदीला पाहुणे चिठ्ठ्या पाठवायचे आणि समाधान त्यावरची नावं गाण्यात गुंफायचा. मामा, साडू, सरपंच, कोणीही असो. नाव ऐकलं की माणूस उठून नाचायचा, राहिलं की रुसून न जेवता जायचा. त्यामुळे समाधान माणसांकडे बघायचाच नाही, चिठ्ठ्यांकडे बघून गायचा.

मग चाळीसगावात भाचीची, डिंपलची हळद आली. डिंपलची आई शेवंताबाई ही समाधानची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून अक्कानेच त्याला वाढवलं. गाण्याच्या नादापायी वडील काठी घेऊन धावले की ती मधे उभी राहायची. तिच्या दारात गायचं म्हणून समाधानला त्या दुपारी भलताच चेव आला. आलेली प्रत्येक चिठ्ठी त्याने गायली, आचाऱ्याचीसुद्धा. मांडव नाचला. तो मान ताठ करून खाली उतरला, तर समोर अक्का हळदीचं ताट घेऊन उभी.

"बठ्ठासना नावं लिधात भाऊ," मांडवातल्या सगळ्यांवर नजर फिरवत ती म्हणाली. "आचारीनं बी लिधं. मनं राही गयं."

"अक्का, तुनी चिठ्ठीच उनी नही," तो बोलून गेला, आणि जीभ चावली.

"घरना माणूसले चिठ्ठी लागस का?" एवढंच म्हणून ती आत निघून गेली.

समाधान स्टेजकडे धावला. पण डीजेवाल्या छगनने वायरी गुंडाळून टेम्पो भरायला घेतला होता. आता माईक नाही, आणि आवाज गोड करून देणारं ते यंत्रही नाही. यंत्राशिवाय आपण कसे गातो, हे समाधानला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर तो बाथरूममध्येही गुणगुणत नसे. तरी तो बायकांच्या घोळक्यातून आतल्या खोलीत शिरला. चष्मा काढून खिशात ठेवला आणि अक्कासमोर उभा राहिला.

"हयद लागनी डिंपलले," त्याने सूर लावला. तो इतका भलतीकडे लागला की नवरी तोंडावर पदर घेऊन हसू लागली. समाधान थांबला नाही. "माय तिनी... शेवंताबाई..." आणि त्या नावावर गाणं अडलं. पुढचे शब्द कुठल्याच चिठ्ठीत नव्हते. आपण गावभराची नावं घेत हिंडलो आणि हे एक विसरलो, याची त्याला मनापासून लाज वाटली.

अक्काने हळदीच्या हातानेच डोळे पुसले.

"फाटेल शे रे तुना आवाज," ती म्हणाली. "आखो एक डाव घे मनं नाव."