बिनकराचं डिझेल आणि मिसळीचं पातेलं

आयटीच्या लाटेत टोकियोतल्या फुनाबोरीला इतके मराठी लोक आले, की अटकेपार गेलेल्या फौजेनंही लाजावं. त्याच दिवसांत बायकोला जेवणाची पहिली ऑर्डर मिळाली: माझ्याच ऑफिसच्या नदीकाठच्या सहलीला मिसळ. साहेबांना आवडली तर दर महिन्याला ऑर्डर, नाहीतर तिचा धंदा जन्मायच्या आधीच बंद.

पातेलं एवढं, की आत सुमो पैलवान बसता तर वर नुसती शेंडी दिसली असती. ते मी मागून आणलेल्या डिझेल व्हॅनमध्ये चढवलं. डिझेलचा काटा तळाला गेलाय, असं बायको तीनदा बोलली. मी म्हटलं, "जपानी काटे भित्रेच असतात."

टोकियोशेजारच्या चिबात, रताळ्यांच्या शेताजवळ गाडी थांबली ती थांबलीच. पंप कोसभर मागे राहिलेला.

शेतात एक आजोबा ट्रॅक्टर चालवत होते. शेडमध्ये डिझेलचं पिंप. मला जपानी येत होतं ते स्टेशनांच्या नावांपुरतं, तेव्हा बोलणी बायकोनं केली.

"देत नाहीत. म्हणतात, डिझेलवरचा कर रस्त्यांसाठी. ट्रॅक्टर शेतात चालतो, म्हणून यांना माफ. हेच डिझेल आपल्या गाडीत घातलं की करचोरी."

"कराचे पैसे त्यांच्याच हातात देतो म्हणावं."

आजोबा हसत काहीतरी बोलले. बायकोनं सांगितलं, "विचारतायत, माझं तोंड सरकारसारखं दिसतं का?"

"मग पातेलं ट्रॅक्टरनं नदीकाठी पोचवा."

"तुमची सहल म्हणजे शेती नव्हे, म्हणतात."

बायकोनं ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीकडे पाहिलं. मग तिनं हळूच काहीतरी विचारलं आणि आजोबांची मान डोलली.

"काय विचारलंस?"

"शेतात राबणाऱ्यांचं जेवण नेणं, ही शेती ना? म्हणाले, अगदी. पण राबणारे कुठायत? अहो, फोन द्या तुमचा, ऑफिसला इकडेच बोलावते."

तासाभरात अख्खं ऑफिस बसनं हजर. आयुष्यात उंदरापेक्षा, तोही कॉम्प्युटरचा, जड काही न उचललेली माणसं रताळी खणू लागली. टोकियोच्या पायाचे दगड लागतील इतकं खोल गेले काहीजण. मग बांधावरून, ट्रॉलीत बसून, नवरदेवासारखं पातेलं आलं.

साहेब तीन वाट्या जेवले. घाम खणण्याचा की तर्रीचा, त्यांनाही सांगता येईना. म्हणाले, "दर महिन्याला. पण आधी खणायला हवं, त्याशिवाय ही चव नाही."

आजोबांनी वाटीतला लाल तवंग न्याहाळला. बायकोनं त्यांचं म्हणणं सगळ्यांना सांगितलं: "यावर ट्रॅक्टर चालेल. कर कुठला लागतो, तेवढं विचारून ठेवा."

परतताना ऑफिसच्या बसनं जाऊन पंपावरून कर भरलेलं डिझेल कॅनमधून आणलं. मी किल्लीला हात घातला, तर ती बायकोच्या हातात.

"धंदा माझा आहे," ती म्हणाली. "काटा मी बघणार."