गोवर्धन पुंडाला भेटायला आलेल्या माणिकबाई

ह्यांचा डबा भरून झाला होता, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या होत्या आणि मी मेथीची जुडी घेऊन खाली बसणार तेवढ्यात फाटक वाजलं. दारात नऊवारीतल्या एक आजी. हातात फडक्यात बांधलेला डबा. मागे त्यांची सून, चेहऱ्यावर ओशाळं हसू.

“गोवर्धन पुंड इथंच रायतात ना, बाई? भेटाले आलो. गोळी लागली म्हनते त्याईले.”

गोवर्धन पुंड आमच्याकडे राहत नाही. तो कुठेच राहत नाही. शेजारच्या गयासभाईंच्या रहस्यकथांचा तो नायक. पण त्याचा पत्ता मात्र आमचा, आणि तो रीतसर विचारून घेतलेला आहे. मी लग्न होऊन अमरावतीच्या या गल्लीत आले त्याच वर्षी गयासभाई माझ्या सासूबाईंकडे आले होते. “जमुनाकाकू, तुमचं घर गोवर्धनले देऊ का? गल्लीच्या टोकाले हाये, दोन्हीकडचं दिसते त्याले.” सासूबाई म्हणाल्या, “दे बाप्पा, पन भाडं कोन देईन?”

तेव्हापासून माणसं येतात. कोणाचा मोटारपंप चोरीला गेलेला असतो, कोणाचा जावई पसार झालेला असतो. मी चहा देते आणि शेजारी पाठवते.

गयासुद्दीन शेख मूळचे अकोल्याच्या जुन्या शहरातले. एसटीत कंडक्टर होते. अकोला-अमरावती गाडीवर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. प्रवासी शेजारच्याशी बोलतात तेव्हा कंडक्टरलाही कान असतात हे विसरतात, असं ते म्हणतात. ऐकलेलं साठत गेलं आणि त्यातून पहिली कादंबरी झाली. पुण्याच्या प्रकाशकानं ती परत पाठवली. डिटेक्टिव्ह मुंबईचा हवा, कोट घातलेला हवा. वऱ्हाडी बोलणाऱ्याला लोक हसतील, असं त्याचं म्हणणं. गयासभाईंनी अकोल्यातच छापून घेतली आणि बसस्टँडवरच्या स्टॉलवर ठेवली. गाडी भरेपर्यंत गठ्ठा संपायचा. पुढे तोच प्रकाशक अमरावतीला येऊन त्यांच्या ओट्यावर बसला तेव्हा त्यांनी त्याला त्या पहिल्या नकाराबद्दल एक शब्दही ऐकवला नाही. मला हे त्यांचं फार आवडतं.

गोवर्धन पुंड एसटीच्या तपासणी पथकातला. त्याच्याकडे पिस्तूल नाही, तो कोणाला मारत नाही. आधी तिकीट बघतो, मग चपला बघतो आणि हळूच म्हणतो, “तुमी मूर्तिजापूरहून नाही आले भाऊ.” झालं, समोरच्याला घाम! नाव गयासभाईंच्या गाडीवरच्या ड्रायव्हरचं. तेही त्याला विचारून घेतलेलं. कथेत जी गाडी धावते ती खरंच धावते. नसेल खात्री तर गयासभाई स्वतः बसून जाऊन येत. आणि प्रत्येक कथेत कोणीतरी गरीब, ज्याच्यावर सगळ्यांचा संशय, तो शेवटी निर्दोष निघणार म्हणजे निघणार.

त्यांची लिहायची रीतही वेगळी. कुलसुमबी स्वयंपाक करताना ते प्रकरण वाचून दाखवायचे. ऐकण्याच्या नादात पोळी करपली तर प्रकरण पास. ती वेळेवर उलटली गेली तर फाडून पुन्हा लिहायचे. “आमच्या पोरानं नरम पोळी खाल्ली ती फक्त इनके आजारपण में,” कुलसुमबी अजून सांगतात.

आता पुस्तकांपेक्षा ऐकणारे जास्त. मुलानं, मोहसीननं, गोवर्धनला मोबाईलवर आणलं. चांगला नट वाचतो आणि खेड्यापाड्यांतून लोक ऐकतात. पण गेल्या वर्षापासून गयासभाईंचा उजवा हात थरथरतो. मी आता त्यांना कप अर्धाच भरून देते. आठवड्यापूर्वी त्यांनी भिंतीपलीकडून हाक मारली.

“वहिनी, गोवर्धनले मारून टाकतो.”

“का हो, असं काय बोलता?”

“हात चालत नाही. मी थकलो असं लोकाईले काय सांगू? तो मेला म्हनजे कोनी विचारनार नाही.”

म्हणून तर मोबाईलवरच्या ताज्या भागात बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर गोवर्धनला गोळी लागली होती. मरणाचं प्रकरण लिहून तयार होतं आणि मोहसीन ते घेऊन, या आजी आल्या त्याच दिवशी, पुण्याला रेकॉर्डिंगसाठी निघणार होता.

गॅस बंद केला आणि त्या दोघींना शेजारी घेऊन गेले. आजींचं नाव माणिकबाई, गाव चांदूर रेल्वेजवळचं. सून रुख्मिणी माझ्या कानाशी लागली. “ताई, कथा असते म्हनून सांगून सांगून थकलो आमी. ऐकतच नाहीत. पहाटेच उठून लाडू बांधले.”

गयासभाई अंगणात उन्हाला बसले होते, हात शालीखाली. मोहसीन बॅगेची चेन ओढत होता. मी म्हटलं, “माणिकबाई गोवर्धनला भेटायला आल्यात.”

ते हसले नाहीत. “बसा मावशी. तो खरा नाही, हे तुमाले कोनी सांगतलं नाही का?”

“मले येडी समजता का भाऊ?” माणिकबाई खुर्चीवर टेकल्या. “सून समजते, हे बाई समजते, तुमीबी समजता. थो खोटा हाये हे मले ठाऊक हाये. पन मारनारा तं खरा हाये ना? त्याले भेटाले आली मी.”

रुख्मिणीनं तोंडाला पदर लावला. मीही मान खाली घातली. मला तरी कुठे वेगळं वाटलं होतं! दारातून कुलसुमबी म्हणाल्या, “लो, पकडे गए!”

माणिकबाई सांगू लागल्या. त्यांच्या शेतात बायका कपाशी वेचायला एका ओळीत लागतात. मधल्या बाईच्या ओटीत मोबाईल, त्यावर गोवर्धन. मागे पडलं तर ऐकू येत नाही, म्हणून कोणी मागे पडत नाही आणि पुढंही पळत नाही. “म्हाताऱ्या सोबतीनं चालतात, पोरी सोबतीनं चालतात. भांडनं बंद झाले, काय सांगू! परवा त्याले गोळी लागली तं साऱ्या जनी सऱ्यांमंधी उभ्याच. वेचनी संपली का आमी वावरात दहीभात शिंपतो, सीतादही करतो. तोवर तरी त्याले जिता ठेवा. मारता का त्याले? खरं सांगा.”

गयासभाईंनी शालीखालून हात काढला. तो थरथरत होता. “हे पाहा मावशी. यानं कसं लिहू?”

माणिकबाईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, “हात थकला तं हाताले आराम द्या. त्याले काहून मारता? त्याची काय चूक?”

आयुष्यभर ज्या माणसानं कथेतल्या एकाही निर्दोषाला शिक्षा होऊ दिली नाही, त्यालाच त्या हे विचारत होत्या. त्यांचे डोळे भरले. मग म्हणाले, “मोहसीन, ते प्रकरन काढ बॅगेतून.”

“अब्बा, रेकॉर्डिंगवाले थांबलेत तिकडं!”

“थांबू दे. गोवर्धन प्लॅटफॉर्मवर पडून हाये, त्याची घाई मोठी का त्याईची? त्याले इर्विन दवाखान्यात भरती करतो आपन.”

“कधी? आणि लिहिणार कोण? फोनला बोलून लिहायला लावून पाहिलं, फोनला तुमची वऱ्हाडी कळत नाही. अम्मीला उर्दूच लिहिता येतं. मी पुण्यात.”

मोहसीनचं खोटं नव्हतं. त्यानं चेन पुन्हा उघडली, कागद काढून वडिलांच्या मांडीवर ठेवले. कुलसुमबींनी माणिकबाईंच्या हातातला डबा घेतला आणि सुनेला आत चहाला बोलावलं. माणिकबाई मात्र हलल्या नाहीत. उत्तर घेतल्याशिवाय त्या उठणार नव्हत्या, हे त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं.

गयासभाईंनी कागद चाळले नाहीत. माझ्याकडे पाहिलं, जरा संकोचले.

“वहिनी, मी बोलतो. दुपारी तुमचे जेवनं आटोपले का घडीभर येऊन लिहून घेत जाल का?”