माझ्या कमरेतला चाकू

माझ्या कमरेत चाकू आहे, ही बातमी मला सगळ्यांत शेवटी कळली.

आधी ती एक्स-रे काढणाऱ्या मॅडमना कळली, मग डॉक्टरांना, मग बाहेर बाकड्यावर बसलेल्या सलीमभाईला. आणि सलीमभाईला कळली म्हणजे बारामतीपासून इंदापूरपर्यंत ज्याच्या खिशात मोबाईल आहे त्या प्रत्येकाला कळली! मी मात्र आत टेबलावर, पॅन्ट गुडघ्याशी घेऊन, छताचा पंखा बघत पडलो होतो.

पण हे असं मधूनच सांगून चालणार नाही. चाकू खिशात ठेवण्यापासून सुरुवात केली पाहिजे, कारण सगळा घोळ तिथंच झाला.

निरवांगीला माझी डाळिंबाची बाग आहे. बागवाल्याला चाकू हा लागतोच. ठिबकची नळी कापायची, सुतळी तोडायची, खताच्या गोणीचं तोंड उघडायचं, एखादी रोगट फांदी काढायची. (फांदीसाठी कात्री असते. पण कात्री कायम बागेच्या दुसऱ्या टोकाला असते.) गावात सलीमभाईचं पाईप-फिटिंगचं दुकान आहे, त्याच्याकडून मी एक घडीचा चाकू घेतला. काय देखणा चाकू! लाकडी मूठ, पातं असं की डोळे मिटून सुतळीवर नुसतं टेकवलं तरी ती तुटावी, आणि मिटताना ‘टक्क’ असा समाधानाचा आवाज.

“चाकू झकास हाय तात्या,” सलीमभाई म्हणाला. “पण ठिवनार कुठं?”

“खिशात. आनि कुठं?”

“कुठल्या खिशात?”

काय बावळट प्रश्न आहे, असं मला तेव्हा वाटलं.

पहिल्यांदा शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. शेतकरी दिवसभर वाकलेला असतो, हे चाकूला माहीत नव्हतं. मी वाकलो की तो बाहेर. एकदा तर थेट फवारणीच्या टाकीत! मग पॅन्टच्या बाजूच्या खिशात ठेवला. तिथं त्यानं आधी मोबाईलची काच फोडली, मग खिशाचं अस्तर फाडलं, आणि एके दिवशी दूध संकलनाच्या रांगेत पायजम्यातून उंदीर निघावा तसा माझ्या पॅन्टमधून घरंगळत बुटात जाऊन बसला. मागच्या खिशात ठेवला तर बसता येईना. पट्ट्याला चामड्याचं पाकीट लावलं, तर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “एसटीच्या कंडक्टरागत दिसताय. आता माझं तिकीट फाडा.”

शेवटी सलीमभाईनं चाकूला क्लिप बसवून दिली, पेनाला असते तशी. खिशाच्या काठाला अडकवायची, वर नुसतं टोक दिसतं. मी ऐटीत इंदापूरला एका लग्नाला गेलो. तिथं गर्दीत ती क्लिप नवरीच्या करवलीच्या ओढणीत अडकली. करवली निघाली पंगतीकडं, तिच्यामागून मीही निघालो! तिनं वेग वाढवला, मीही वाढवला. मांडवभर लोक बघताहेत. “अहो काका, माझ्यामागं का येताय?” ती ओरडली. “मी येत न्हाय बाई, तू नेतीयास!” मी म्हणालो. यावर विश्वास ठेवणारा त्या मांडवात एकही जण नव्हता. माझ्या बायकोसकट.

त्या रात्री सुमननं (म्हणजे बायकोनं) शिलाई मशीन काढलं.

“शर्ट नको, पॅन्ट नको,” ती म्हणाली. “मी तुमच्या चड्डीलाच आतनं खिसा लावते. वरनं टिच बटण. पडायचा न्हाय, टोचायचा न्हाय, आन् कुनाच्या वडनीत तर मुळीच अडकायचा न्हाय.”

“आन् काढायचा कसा?”

“झाडामागं जायाचं.”

पट्ट्यापट्ट्यांच्या सगळ्या चड्ड्यांना तिनं असे खिसे लावले. आणि काय सांगू, खिसा नामी निघाला! चाकू आहे हे विसरायला व्हायचं. फक्त लागला की झाडाचा आडोसा गाठायचा. खुरपायला येणाऱ्या बायका मला दिवसभर डाळिंबाआड जाताना बघायच्या. “मालकास्नी साखर झाली वाटतं,” त्या आपसात म्हणायच्या. एकीनं तर कारल्याचा रसही आणून दिला. मी मुकाट्यानं प्यालो.

आता मधेच थोरल्या भावाबद्दल सांगितलं पाहिजे. आबा आणि मी शेजारी-शेजारी राहतो, पण वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. कारण शेळी. आबाच्या शेळीनं माझी पेरूची रोपं खाल्ली. मी शेळीला म्हणालो, “तुला काय लाजबीज हाय का न्हाय?” आबा शेळीच्या मागं उभा होता. त्याला वाटलं मी त्यालाच म्हणालो. मग तो काहीतरी बोलला, मग मी बोललो, मग दोघांच्या बायका मधे पडल्या. बायकांचं लगेच मिटलं. आमचं राहिलं. सणाला ताटं इकडून तिकडं जायची, पण आम्ही दोघं समोरासमोर आलो की एकाला तरी एकदम आभाळात काहीतरी दिसायचं.

तर त्या दिवशी सुमन सकाळीच माळेगावला माहेरी गेली होती. तिच्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांती होती. मी बागेत ठिबकचा फिल्टर धुवायला गेलो, शेवाळावरून पाय सटकला आणि सिमेंटच्या कट्ट्यावर धाडकन बसलो. उजव्या अंगावर. अशी कळ आली की डोळ्यांपुढं दिवसाढवळ्या चांदण्या! उठता येईना. सलीमभाईला फोन केला. तो व्हॅन घेऊन आला, मला मागच्या सीटवर पालथा घातला आणि थेट बारामतीला हाडांच्या दवाखान्यात नेला.

एक्स-रेच्या मॅडम नव्या होत्या, नाजूक होत्या.

“काका, अंगावर धातूचं काही आहे का?”

मी पट्टा दिला, किल्ल्या दिल्या, मोबाईल दिला, अंगठी साबण लावून काढून दिली. खिसे उलटे करून दाखवले. पॅन्टचे, शर्टाचे. आणि खरोखर मनापासून सांगितलं, “काय सुदिक न्हाय.” कंबर इतकी ठणकत होती, की चाकूचं टोचणं त्या ठणक्यात मिसळून गेलं होतं. सुमनचा खिसाच तसला. विसरायला लावणारा.

मला पॅन्ट गुडघ्याशी सरकवायला लावून, वर चादर घालून मॅडम काचेमागं गेल्या. मशीनचा आवाज झाला. मग मॅडमचा आवाज झाला. “अगं आई गं!”

त्या बाहेर पळाल्या. दोन मिनिटांत डॉक्टर आले. माझ्या कपाळावर हात ठेवून अगदी हळू म्हणाले, “काका, अजिबात हलू नका. शांत पडून राहा. एक सांगा, तुमचं कुणाशी भांडण आहे का?”

मला वाटलं, हाड मोडलं की असंच विचारत असतील. “न्हाय ओ. फक्त भावासंगं.”

डॉक्टरांनी मॅडमकडं बघितलं. “कशावरून?”

“शेळीवरनं.”

“आणि शेवटचं भेटलात कधी?”

“रोजच भेटतो. पर तो बोलत न्हाय, नुसता बघतो.”

डॉक्टर बाहेर गेले. “पोलिसांना कळवावं लागेल,” असं ते कुणाला तरी म्हणाल्याचं मी ऐकलं. आता हाड मोडल्यावर पोलीस कशाला? मी छताच्या पंख्याला विचारलं. पंखा फिरत राहिला.

तोवर बाहेर सलीमभाईनं आपलं काम चोख बजावलं होतं. आधी त्यानं सुमनला फोन लावला. पण वास्तुशांतीच्या मांडवात कर्णा लागला होता, तिचा फोन पर्समधे आणि पर्स कपाटात. मग त्यानं आबाला लावला.

“आबा, घाबरू नगा. दत्तातात्यांच्या कमरंत चाकू हाय.”

“कुनी मारला?”

“त्येचा तपास चालूय.”

याला सलीमभाई ‘घाबरू न देता सांगणं’ म्हणतो! गावात चावडीपर्यंत पोचेस्तोवर मारणारे चौघं झाले होते, आणि देवळापर्यंत पोचल्यावर ते बिनानंबरच्या गाडीतून पळूनही गेले होते. आबा होता तसा निघाला. पायात एक स्वतःची चप्पल, एक वहिनीची. पिकअप काढला, मागं अर्धी आळी चढली. एरवी त्याच्या पिकअपला म्हातारी माणसं पायी मागं टाकतात, असं मी लोकांना सांगायचो. त्या दिवशी तो कसा आला कुणास ठाऊक, पण डॉक्टर पोलिसांचा नंबर शोधत होते तोवर आबा दवाखान्याच्या दारात!

“कुठाय माझा भाऊ? मी थोरला भाऊ हाय त्येचा!”

हे वाक्य त्यानं जिथं म्हणू नये तिथंच म्हटलं. डॉक्टरांनी सावध केलेल्या दारावरच्या रखवालदारानं त्याला मागून मिठी मारली. “साहेब, ह्योच त्यो! शेळीवाला!”

“सोड मला!” आबा ओरडत होता. “माझं रगात घ्या! दोघांचं एकच रगात हाय! लागंल तेवढं काढा!” तो बाही वर सारून येईल त्याच्यापुढं दंड धरत होता. स्वच्छता करणाऱ्या बाईंपुढंसुद्धा धरला.

शेवटी सलीमभाईनं मधे पडून त्याला सोडवला आणि आबा आत आला. मागून आळी आली. माझी पॅन्ट अजून गुडघ्याशीच होती, पण त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आबानं माझा हात दोन्ही हातांत घेतला.

“दत्त्या,” तो म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा. “कुनी चाकू मारला रं तुला?”

तेव्हा मला कळलं. चाकू! कंबर! चड्डी! सगळं एकदम डोक्यात ‘टक्क’ वाजलं. मी सांगायला तोंड उघडलं. पण आबा बोलतच होता. “ती शेळी इकून टाकतो बग मी. रोपं आनून देतो तुला. चूक माझीच हुती. तुला काय झालं तर मी कुनाकडं बघून आभाळात बगायचं रं?” त्याच्या मिशीवरून पाणी ओघळून माझ्या मनगटावर पडत होतं.

आता सांगा, अशा वेळी माणूस कसा म्हणेल, की आबा, थांब, चाकू चड्डीत आहे? खरं सांगतो, माझं तोंड आपोआप मिटलं. भाऊ वर्षानं बोलतोय, बोलू दे थोडं. मी हळूच कण्हलो. आबानं हात आणखी घट्ट धरला. पाठीमागं आळीतल्या बायका हुंदके देऊ लागल्या. मॅडमनीही रुमाल काढला. फार चांगलं चाललं होतं!

तेवढ्यात सुमन आली. कुणीतरी निरोप पोचवला होता. अंगावर वास्तुशांतीची नवी पैठणी, कपाळाचं कुंकू घामानं पसरलेलं, आल्या-आल्या दाराची चौकट धरून उभी राहिली. तिचा चेहरा बघून मात्र मी कण्हणं थांबवलं. मी म्हणालो, “अगं, काय न्हाय, ऐक...” पण तिची नजर भिंतीवर उजेडात लावलेल्या फिल्मवर गेली होती. ती जवळ गेली. निरखून बघितलं.

“हे काय,” ती म्हणाली, “हे तर माझं टिच बटण!”

सगळ्यांच्या माना फिल्मकडं वळल्या.

“कसलं बटण, ताई?” डॉक्टरांनी विचारलं.

“ह्यांच्या चड्डीच्या खिशाचं. मीच लावलंय की! त्येच्या आत चाकू. आन् अहो,” ती माझ्याकडं वळली, “बटण नीट लावत जावा म्हनून किती डाव सांगितलं? बघा, अर्धंच लागलंय!”

डॉक्टरांनी हातमोजा घातला, चादरीखाली हात घातला, आणि भूल न देता, टाका न घालता माझ्या कमरेतला चाकू काढला. आळी टाचा उंचावून बघत होती. डॉक्टरांनी तो उजेडात धरला, पुन्हा फिल्म बघितली. “हाड शाबूत आहे,” ते म्हणाले. “मुका मार आहे. चाकूवरच पडलात तुम्ही. दुसऱ्या कुठल्याही खिशात असता तर एवढं लागलंही नसतं.”

पहिल्यांदा मॅडम हसल्या. मग रखवालदार. मग आख्खी आळी भिंती धरून. आबानं माझा हात सोडला होता. तो लालबुंद होऊन माझ्याकडं बघत होता.

“दत्त्या, तुला ठावं हुतं?”

“मगाशीच कळलं.”

“मगाशी म्हंजी? मी रडायच्या आदी का मागनं?”

“मधी,” मी म्हणालो.

 आबाच्या मिशा थरथरल्या आणि तो असा हसला, की त्याला खुर्ची द्यावी लागली. मग डोळे पुसत त्यानं डॉक्टरांच्या हातातून चाकू घेतला आणि स्वतःच्या बंडीच्या खिशात टाकला. “ह्यो आता माझ्यापाशी ऱ्हाईल. लागला की मागायचा. तोंडानं!”

तशी व्यवस्था झाली. दिवसातून दहा वेळा मी बांधावरून हाक मारतो आणि तो चाकू घेऊन येतो, शेळीही मागून येते. (विकली नाही. मीच नको म्हणालो.)

पण बातमी लांब गेली की तिला परत बोलावता येत नाही. दुसऱ्या दिवशी नरसिंहपूरची आमची म्हातारी आत्या दोन एसट्या बदलून आली. देवाचा अंगारा पदरात बांधून, डोळे सुजवून. “कुठं खुपसला रं माझ्या लेकराला?” सगळं खरं सांगायचं मी ठरवलं होतं. पण एवढ्या उन्हाची आलेली आत्या! मला तिचा हिरमोड करवेना. मी कमरेकडं बोट दाखवलं. तिनं शर्ट वर केला, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. साधा ओरखडाही नाही. मी गडबडून म्हणालो, “जखम भरली, आत्या.” आत्यानं अंगारा कपाळाला लावला, दोन्ही हात जोडले आणि चहाही न घेता परतीच्या एसटीनं ही गोष्ट सांगायला निघून गेली.

तेव्हापासून माझी अडचण अशी आहे, की नरसिंहपुराकडच्या पाहुण्यांत मी चमत्कार आहे, आणि निरवांगीत चड्डी. दोन्हीकडची माणसं एकाच लग्नाला आली, की मी अक्षता टाकून लगेच निघतो.