वंदनाताईंचं पश्चिमेकडचं टेबल

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सगळ्यात जवळच्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय — तुमचा चेहरा मला दिसत नाही, कदाचित म्हणूनच जमतंय.

मी आर्किटेक्ट. रामदासपेठेतलं एक तीनमजली ऑफिस हे माझं पहिलं मोठं काम. मे महिन्यातही एसीशिवाय चालेल अशी इमारत — नागपुरात! लोक हसले होते. जाड भिंती, मातीच्या जाळ्या, गरम हवा वर ओढून बाहेर टाकणारी उंच पोकळी, आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर तीन-तीन फुटांचे छज्जे. पुढे दाराशी ‘हरित इमारत’ अशी पाटी लागली. कॉलेजची मुलं बघायला येऊ लागली.

त्यांना इमारत कोण दाखवायचं? वंदनाताई. दुसऱ्या मजल्यावर जुन्या फायली सांभाळायच्या, कन्हानहून रोज बसने यायच्या. मुलांना जाळीवर हात ठेवायला लावायच्या आणि म्हणायच्या, “पाहा, श्वास घेते ते.” मी दिसले की डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे. वाळलीस म्हणून रागवायच्या. माझ्या इमारतीवर इतकी माया मीसुद्धा केली नसेल. आठवलं की आजही बरं वाटतं, आणि मग लगेच —

थांबा. नीट सांगते.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. “मले एकटीलेच गरमी होऊन राहिली का वं? दुपारी डोकं गरगरते.” त्यांचं टेबल पश्चिमेच्या खिडकीपाशी. तीन वाजले की ऊन थेट मानेवर. का येत होतं? मला माहीत होतं. बांधकाम चालू असताना मालक म्हणाले होते, छज्जे फार बोजड दिसतात, अर्धे करा. मी एकदाही ‘नको’ म्हटलं नाही. दीड फुटाचे केले. पाटीसाठी दिलेल्या कागदांत मात्र तीन फूट तसेच राहू दिले.

तेव्हा सांगता आलं नसतं का? एक बांबूचा पडदा लावला असता तरी भागलं असतं. पण पडदा का, हे कुणीतरी विचारलंच असतं ना? मी थर्मामीटर काढला, खांबाआड सावलीत धरला आणि त्यांना आकडा दाखवला. मग हळूच विचारलं, “ताई, वय काय हो तुमचं? या वयात होतं असं आपल्या बायकांना.”

त्या लाजून हसल्या. मानलं त्यांनी, लगेच मानलं.

डॉक्टरकडे गेल्या, गोळ्या सुरू केल्या. मानेवर ओला रुमाल ठेवून फायली लावायच्या. कुणी कुरकुरलं तर त्याच आडव्या यायच्या — “बिल्डिंगले काहून नावं ठेवता? गरमी माह्या अंगात हाय.” असे तीन उन्हाळे. चौथ्याच्या आधी, निवृत्तीला अजून अवकाश असताना, त्यांनी नोकरी सोडली. प्रकृती झेपत नाही म्हणून.

त्यांच्या जागी आलेल्या माणसाने एप्रिलमध्येच आवाज चढवला. आठवड्यात पडदे लागले. इतकं सोपं होतं ते.

गेल्या महिन्यात मी कन्हानला गेले. सांगायचंच, असं ठरवून. मला पाहून ताईंना काय करू नि काय नको झालं. पाटवडीचा रस्सा केला, समोर बसून वाढला.

“तुही बिल्डिंग चांगलीच होती वं,” त्या म्हणाल्या. “मीच टिकली नाही तिथं.”

माझ्या तोंडात घास होता. तो गिळला — आता बोल, आता बोल. त्यांनी आणखी एक पाटवडी वाढली. तीही मी खाल्ली. हात धुतले, त्यांनी पुढे केलेल्या टॉवेलला पुसले, आणि परत आले.